अलार्म वाजवून दाखवा

माननीय जिल्हाधिकारी, बीदर
आणि
माननीय जिल्हाधिकारी, कलबुर्गी
यांना खुले पत्र



आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक छोट्या मॉलमधला आगीचा अलार्म महिन्यातून एकदा, दुकानं उघडी असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाजवून पाहावा आणि तो वाजला की नाही हे प्रवेशद्वारावरच्या पाटीवर तारखेसह लिहावं, असा आदेश आपण काढावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. मागणी एवढीच. पण ती का करावी लागते हे सविस्तर सांगायला हवं, कारण वरवर पाहिलं तर अलार्म सगळीकडे आहेच.

मी भालकी तालुक्यातला. फायर अलार्म बसवणं आणि त्यांची देखभाल करणं हे माझं पोटापाण्याचं काम. उदगीर, लातूर, सोलापूर, आळंद, कलबुर्गी, हुमनाबाद, बीदर हा माझा फिरतीचा पट्टा. बँका, दवाखाने, लॉज, मंगल कार्यालयं आणि अलीकडे मॉल. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण या भागातले मराठी वाचक ते वाचतील आणि त्यांनीही हे ऐकावं असं मला वाटतं. कन्नड प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत वेगळी देतो आहे.

आपल्याकडचा मॉल म्हणजे बेंगळुरूचा मॉल नव्हे. तळमजला आणि वर दोन-तीन मजले. खाली कपड्यांचं मोठं दुकान, वर मोबाईल आणि चपला, त्याच्या वर मुलांचा गेम झोन आणि चार टेबलांचं फूड कोर्ट, सगळ्यात वर जिम नाहीतर नीटची शिकवणी. तळघर मंजूर झालेलं असतं पार्किंगसाठी, पण सणाच्या तोंडावर तिथे मालाचे खोके येऊन पडतात आणि मग ते हलत नाहीत. लग्नसराईत औराद, कमलनगर, हुलसूरकडची माणसं बस्ता बांधायला येतात, तेव्हा एकेका घरची दहा-पंधरा माणसं जीपमधून उतरतात. त्यांत गुडघे दुखणारी आजी असते, कडेवर लेकरू घेतलेली सून असते. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या जत्रेत, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, दिवाळीच्या आदल्या रविवारी अशा इमारतीच्या जिन्यात खांद्याला खांदा लागतो. जिना एकच वापरात असतो. दुसरा नकाशात असतो, इमारतीतही असतो, पण त्याच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप असतं.

अशाच एका मॉलमध्ये मी गेल्या हंगामात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका मॉलचा नाही. जिन्याखाली वॉचमनची खुर्ची, तिच्यामागे भिंतीवर अलार्मचं पॅनेल. पॅनेलच्या काचेवर पिवळा दिवा लागलेला होता, 'फॉल्ट'चा. आतला बझर अशा वेळी सारखा पिं पिं करत राहतो, पण इथे त्याच्या भोकावर कापूस लावून वर चिकटपट्टी मारलेली. दार उघडलं तर खाली दोन बॅटऱ्या होत्या आणि दोन्हींच्या वायरी काढून बाजूला वाकवून ठेवलेल्या. तिसऱ्या मजल्याचा झोन बटण दाबून बंद केलेला. वर गेलो. गेम झोनच्या छतावरच्या डिटेक्टरांना कारखान्यातून येताना धुळीसाठी जी प्लास्टिकची टोपी असते, ती तशीच होती. म्हणजे बसवल्या दिवसापासून त्या डिटेक्टरांच्या आत धुराचा एक कणसुद्धा शिरू शकला नव्हता. रंगकाम करणाऱ्यांनी त्या टोप्यांवर पांढरा रंगही मारला होता.

वॉचमनला विचारलं. तो चिटगुप्प्याकडचा साधा माणूस. म्हणाला, वाजायला लागलं की गिऱ्हाईक पळतं, शेठ ओरडतात, म्हणून बंद ठेवायला सांगितलंय. त्याच्यावर मी रागावलो नाही. त्याला पॅनेल काय आहे हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

शेठजींनाही मी निव्वळ दोषी म्हणणार नाही, कारण अलार्म उगाच वाजतो हे खरं आहे आणि त्याला कारण आहे. फूड कोर्टाच्या वर धूर ओळखणारे डिटेक्टर बसवलेले असतात. खाली कढईत मिरची भजी तळली की तेलाचा धूर वर जातो आणि हूटर ओरडतो. डिटेक्टर आपलं काम बरोबर करत असतो, त्याची जागा चुकलेली असते. स्वयंपाकाच्या जागी उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावायचा असतो. तो ठरावीक तापमान ओलांडलं किंवा तापमान झपाट्याने चढू लागलं तरच वाजतो, भज्यांच्या धुराकडे लक्ष देत नाही. साधा उष्णतेचा डिटेक्टर एका बऱ्या शर्टाच्या किमतीत येतो. त्याच मॉलच्या तळमजल्यावर तसे शेकडो शर्ट टांगलेले असतात. बीदरची लाल मातीची धूळही डिटेक्टरात जाऊन बसते आणि खोटा अलार्म देते. त्यावर उपाय म्हणजे डिटेक्टर वेळोवेळी काढून साफ करणं. देखभालीच्या करारात हे काम लिहिलेलं असतं. करार मात्र पहिल्या वर्षानंतर चालू राहत नाही.

का राहत नाही, हेही सांगतो. बिल्डर मॉल बांधतो, दुकानं विकतो आणि बाजूला होतो. नंतर जिना, लिफ्ट, जनरेटर, अलार्म यांचा खर्च कुणी करायचा यावर दुकानदारांचं एकमत होत नाही. लिफ्ट बंद पडली तर गिऱ्हाईक वर येत नाही, म्हणून तिच्यासाठी वर्गणी निघते. अलार्म बंद पडला तर धंद्याला काहीच फरक पडत नाही. उलट शांतता मिळते. बंद अलार्म कुणाला खुपत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं बंद राहतो.

बॅटरीचा मुद्दा मला विशेष मांडायचा आहे, कारण शिकलेली माणसंही तिथे गफलत करतात. पॅनेल विजेवर चालतं, मग बॅटरी कशाला, असं विचारतात. बहुतेक दुकानांतल्या आगी वायरिंगमधून सुरू होतात. शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी पडतो किंवा घाबरलेला माणूस आधी मेन स्विच खाली ओढतो. त्या क्षणी पॅनेलची वीज जाते. म्हणजे ज्या आगीसाठी अलार्म आहे, तीच आग त्याची वीज तोडते. पुढची सगळी मदार १२ व्होल्टच्या त्या दोन बॅटऱ्यांवर. त्यांच्या वायरी काढलेल्या असतील तर भिंतीवर नुसता लाल डबा उरतो. जेस्कॉमची वीज आपल्याकडे जाते-येते हे आपल्याला सांगायला नको. बॅटऱ्या काही वर्षांत दम सोडतात, आणि त्यांत किती दम उरलाय हे वीज बंद करून हूटर वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता १८ मे २०२५ या तारखेबद्दल. रविवार होता. त्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि ८ माणसं गेली. त्याच दिवशी सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौजला एका इमारतीत आग लागली आणि १७ माणसं गेली, त्यांत ८ लहान मुलं. एक शहर कलबुर्गीच्या पश्चिमेला, दुसरं बीदरच्या पूर्वेला. आपल्या भागातला माणूस दवाखान्यासाठी, मालासाठी, नोकरीसाठी या दोनच शहरांकडे धावतो. दोन्ही ठिकाणी माणसं झोपेत होती. गुलजार हौजची इमारत तळमजला अधिक दोन मजल्यांची, खाली दागिन्यांची दुकानं, वर राहतं घर, आत जायला बोगद्यासारखी अरुंद वाट आणि वर जायला एकच चिंचोळा जिना. तिथे गेलेले बहुतेक जण धुराने गुदमरून गेले.

झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वासच नसतो, आणि तो झोप आणखी गाढ करतो. झोपलेल्याला जागं करतो तो आवाज. आपल्या मॉलमध्ये रात्री कुणी नसतं असं समजू नये. वॉचमनचं कुटुंब जिन्याखालच्या खोलीत असतं. सणाच्या दिवसांत कपड्यांच्या दुकानातली बाहेरगावची पोरं शटर आतून ओढून मालावरच झोपतात. त्या शटरच्या आत हूटर ऐकू जातो का, हे कुणी पाहिलेलं नाही.

अग्निशमन खात्याच्या परवानगीचं गणित मुख्यतः इमारतीच्या उंचीवर चालतं. उंच इमारतीला जास्त अटी, बुटक्या इमारतीला कमी. शिडीच्या गाडीचा विचार केला तर त्यात तथ्य आहे. पण धूर उंची मोजत नाही. गुलजार हौज दोन मजल्यांवर संपत होती. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये २७ जण गेले, ती तर पत्र्याची शेड होती आणि तिला अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखलाच नव्हता. आपल्याकडे मॉलच्या वरच्या मजल्यावर जे गेम झोन निघत आहेत, त्यांत फोमच्या गाद्या, प्लास्टिकचे चेंडू आणि रेग्झिन असतं. हे पेटलं तर काळा धूर किती लवकर खाली उतरतो, हे ज्याने पाहिलंय तो आपल्या मुलाला तिथे एकटं सोडणार नाही.

आपल्या राज्यालाही हा अनुभव नवा नाही. २३ फेब्रुवारी २०१० ला बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्समध्ये धूर भरला आणि ९ जण गेले. त्यांतल्या काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या होत्या. बाहेर पडायच्या वाटांना कुलपं होती. गेलेल्यांच्या घरच्यांनी पुढे 'बियाँड कार्लटन' ही संस्था काढली आणि आगीपासूनच्या सुरक्षेसाठी आजही ती काम करते आहे.

महाराष्ट्राने यासाठी कायदा केला. २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याखाली इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, म्हणजे दोनदा, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं. उदगीरमध्ये मी काम करतो तेव्हा मालकाला निदान या कागदाचं स्मरण असतं. सीमेच्या अलीकडे बीदरमध्ये आलो की तेवढंही स्मरण नाही. तरीही महाराष्ट्राचा कायदा जसाच्या तसा आणा असं मी म्हणणार नाही. २५ मार्च २०२१ च्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय होतं. धूर वर चढला आणि ११ रुग्ण गेले. मॉलची आग विझवण्याची यंत्रणा नीट चालत नव्हती, हे नंतर पुढे आलं. त्याच्या पाच महिने आधी, २२ ऑक्टोबर २०२० ला, नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला लागलेली आग विझवायला ५६ तास लागले होते आणि शेजारच्या उंच इमारतीतली साडेतीन हजारांच्या आसपास माणसं रात्रीतून बाहेर काढावी लागली. तो सगळा मुलूख कायद्याच्या आतलाच. कागद फायलीत जातो. तो ज्याच्या जिवाशी निगडित आहे, त्या गिऱ्हाइकाला तो कधीच दिसत नाही. म्हणून मी प्रमाणपत्र मागत नाही, सगळ्यांच्या कानावर पडेल असा आवाज मागतो आहे.

हे करायला आपल्याला बेंगळुरूच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्याच अधिनियमाचं कलम ३० प्राधिकरणाला जिल्ह्यातलं बांधकाम तपासण्याचा आणि आपत्ती टाळण्यासाठीची मानकं पाळलेली नसतील तर संबंधित यंत्रणेला कारवाईचा निर्देश देण्याचा अधिकार देतं. दुसरीकडे शहरातल्या दुकानांचा व्यापार परवाना नगरपालिका आणि महापालिका देतात आणि त्याचं नूतनीकरण करतात. अलार्मची पाटी भरलेली नसेल तर परवान्याचं नूतनीकरण थांबेल, एवढं एक वाक्य त्या अर्जात आलं की आज न निघणारी वर्गणी आठ दिवसांत निघेल. मी व्यापाऱ्यांमध्ये वावरतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

चाचणी कशी असावी, याबद्दल माझ्या कामाच्या अनुभवातून काही सांगतो. अकराच्या सुमारास, गर्दी व्हायच्या आधी, प्रथम मेन वीज बंद करावी. मग एका मजल्यावरच्या डिटेक्टरला चाचणीच्या स्प्रेने धूर द्यावा. दर महिन्याला वेगळा मजला आणि वेगळा डिटेक्टर. भिंतीवरची लाल पेटी, जिची काच फोडून अलार्म देतात, तीही एक वापरून पाहावी. मग प्रत्येक दुकानदाराने आपल्या गल्ल्यावर बसून सांगावं, मला ऐकू आलं की नाही. भारतीय मानक २१८९ प्रमाणे हूटरचा आवाज किमान ६५ डेसिबल किंवा आसपासच्या सततच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबलने जास्त हवा. गेम झोनमध्ये मोठ्या आवाजात गाणी चालू असताना जिन्यातला एकुलता एक हूटर तिथे पोहोचत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी ती गाणी चालू ठेवूनच पाहावं. त्याच वेळी दुसऱ्या जिन्याचं दार किल्ली न शोधता उघडतं का, हेही बघून घ्यावं. पाटीवर तारीख, तपासलेला मजला, वाजला की नाही आणि सही. बस्ता बांधायला आलेल्या माणसाने आत शिरताना ते वाचावं आणि दोन महिने तारीख बदललेली नसेल तर शेजारच्या दुकानात जावं. एवढा अधिकार त्याला मिळू द्या.

ती पाटी कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत असावी, ही माझी खास विनंती. ज्या मॉलमध्ये अलार्मसोबत बोलून सूचना देण्याची सोय आहे, तिथेही तसंच व्हावं. आज जिथे ती आहे, तिथे बहुतेक वेळा इंग्रजीतली तयार ध्वनिफीत असते. बीदरच्या मॉलमध्ये औरादची बाई मराठी बोलते, दुकानातला पोरगा दखनी बोलतो आणि वॉचमन कन्नड. धुरात प्रत्येकाला आपल्या घरची भाषा आधी कळते. लिफ्ट वापरू नका, जिन्याने खाली उतरा, ही दोन वाक्यं तिन्ही भाषांत रेकॉर्ड करायला अर्धा तास पुरतो.

आणखी एक. पॅनेल वाजलं तरी ते आपणहून अग्निशमन केंद्राला फोन करत नाही. लोकांना वाटतं, अलार्म वाजला की गाडी येते. गाडी येते ती कुणीतरी १०१ किंवा ११२ लावला तर. रात्री तो फोन लावणारा एकच माणूस असतो, वॉचमन. त्याला पॅनेलवरचे लाल आणि पिवळे दिवे, कुठला झोन म्हणजे कुठला मजला आणि फोनवर पत्ता कसा सांगायचा, हे शिकवायला एक सकाळ लागते. अग्निशमन खात्याचे जवान हे उत्तम शिकवतात, मी पाहिलं आहे. दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात पत्रकं वाटली जातात, शाळेच्या मैदानात प्रात्यक्षिकं होतात. ते चांगलंच आहे. त्याच्या जोडीला त्या आठवड्यात प्रत्येक मॉलच्या वॉचमनला बोलावून शिकवावं आणि प्रत्येक मॉल वर्षातून एकदा पूर्ण रिकामा करून पाहावा.

व्यापारी संघटना विरोध करतील. महिन्याला दहा मिनिटं धंदा बुडतो म्हणतील, गिऱ्हाईक घाबरेल म्हणतील. आधी भोंग्यावरून सांगितलं तर कुणी घाबरत नाही. बँकांमध्ये मी ही चाचणी करतो तेव्हा रांगेतले लोक एकदा वर बघतात आणि पुन्हा पासबुक पुढे करतात. खर्चाची अडचण छोट्या मॉलला खरीच असते. कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाचं मुख्यालय कलबुर्गीतच आहे. संविधानाच्या ३७१ (जे) कलमामुळे आपल्या भागाला जो वेगळा निधी मिळतो, त्यातून तालुक्याच्या अग्निशमन केंद्रांना चाचणीची साधनं आणि शिकवणारी माणसं देता आली, तर दुकानदारांवरचा भार बराच हलका होईल. डिटेक्टर आणि बॅटऱ्यांचा खर्च मात्र मालकांनीच करावा. गिऱ्हाइकाच्या जिवावर ते धंदा करतात.

हे सगळे बदल एकदम होणार नाहीत, ते मी जाणतो. म्हणून सुरुवात दसऱ्याच्या आधी, फक्त बीदर आणि कलबुर्गी या दोन शहरांतून करावी. दिवाळीची गर्दी त्यानंतर लगेच सुरू होते, तळघरं मालाने भरतात, आणि तेव्हा कुणीच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. आदेश निघाला तर पहिल्या महिन्याच्या चाचणीसाठी मी कुठलाही मोबदला न घेता यायला तयार आहे, आणि या पट्ट्यात काम करणाऱ्या माझ्यासोबतच्या तंत्रज्ञांशीही मी बोललो आहे. धुराचा स्प्रे, शिडी आणि मीटर आमचा आम्ही आणू. आपल्या कार्यालयाने मॉलची यादी आणि तारीख तेवढी द्यावी.

आपला नम्र,
भालकी तालुक्यातला एक फायर अलार्म तंत्रज्ञ